विहीणबाई, मी पडायला शिकले

प्रिय विहीणबाई,

सादर नमस्कार. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमची तब्येत विचारणार होते, पण तुम्ही फोन उचलत नाही, आणि आमची कन्या (म्हणजे तुमची सूनबाई) विचारलं की "सासूबाई जेवतात" एवढंच सांगते. जेवतात हे उत्तर मांजराबद्दल पुरेसं आहे, विहिणीबद्दल नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते न उचलण्याची सोय नाही.

तर बातमी अशी, की वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी बांबूउडी मारू लागले आहे. (पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत.) यात माझा दोष एवढाच, की मी पडदे शिवते. मैदानावर उडी मारणारी मुलं ज्या जाडजूड गादीवर पडतात तिची खोळ फाटली होती, आणि नवी शिवायचं काम माझ्याकडे आलं. खोळ चढवून झाली तेव्हा तिथला प्रशिक्षक (इतका उंच आणि किडकिडीत, की मुलं त्याला बगळा म्हणतात, तोंडावर सर) म्हणाला, "काकू, शिवण धरते का, जरा पडून बघा." मी गादीकडे पाठ केली आणि अंग सोडून दिलं. काय सांगू तुम्हाला. जन्मात मी पुष्कळदा पडले आहे, न्हाणीघरात, जिन्यात, एकदा तर लेकीच्या शाळेत भर बक्षीससमारंभात. पण खाली कुणीतरी आधीच मऊ अंथरून ठेवलंय, असं कधी झालं नव्हतं. मी उठेचना. शेवटी बगळा म्हणाला, "काकू, शिवण टिकली." मी म्हटलं, "अजून एकदा बघते."

तिथून हे वेड लागलं. बांबू आता नुसता नावाला. हल्ली असते ती लवचीक, लांबलचक काठी. मैदानावरच्या सामानाच्या कोठीला रंग देत होते म्हणून ती मी घरी आणली, तर स्वयंपाकघराच्या खिडकीपासून निजायच्या खोलीपर्यंत पसरली. आमचे हे दोन दिवस तिच्यावरून पाय उचलून गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यावर पायजमे वाळत घातले. (घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, कुठलाही लांब दांडा फुकट जाऊ देत नाही.) सरावाला पहिल्यांदा धावले, तर काठी उभी राहिली आणि मी जमिनीवरच. पुढच्या खेपेला जोर जास्त झाला, पण पुरेसा नाही. काठी मधोमध सरळ उभी, पुढे जाईना, मागे येईना, आणि मी वर लटकलेली. बाकावर हे बसले होते. मी ओरडले, "अहो, ढकला." हे धावत आले आणि म्हणाले, "कुठल्या बाजूला?" (चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला विचारलेला हा सर्वांत समंजस प्रश्न.)

मागच्या आठवड्यात मात्र मी आडव्या दांडीवरून पलीकडे गेले. दांडी फार उंच नव्हती, तुमच्या खांद्याला लागेल इतकीच. पण वरून जाताना मला ह्यांचं टक्कल दिसलं. ते मी वरून कधी पाहिलं नव्हतं. इतकी माया वाटली, की अंग सावरायचं राहिलं आणि मी गादीवर कपड्याच्या बोचक्यासारखी आदळले. हे जवळ आले, माझ्या केसांतली धूळ झटकली आणि म्हणाले, "परत मार. मी डोळे मिटले होते."

हे तुम्हाला लिहावं की नाही, यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. व्याही गेल्यापासून तुम्ही मागच्या खोलीतून बाहेर येत नाही, असं कळतं. मी समजूत घालणार नाही. समजूत घालणारे पुष्कळ जण तुमच्याकडे चहा पिऊन गेले असतील. एवढंच सांगते, की एका संध्याकाळी त्या गादीवर पडल्या पडल्या मला एकाएकी रडू आलं. काहीही कारण नव्हतं, आणि सगळंच होतं. बगळा शहाण्यासारखा लांब जाऊन काठी पुसत बसला. मग मी नाक पुसलं आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, आणि तो माझ्या गुडघ्यांपेक्षा मजबूत आहे.

आपली,
विहीण

ता. क. : आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात प्रौढांच्या स्पर्धा आहेत. आमच्या वयोगटात निदान तीन बायका हव्यात, नाहीतर बांबूउडीच रद्द. मी आहे, एक दातांची डॉक्टर आहे, तिसरी मिळत नाही. तुम्ही शाळेत असताना उंच उडी मारायचात, हे व्याह्यांनी आम्हाला लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं. (मुलाबद्दल ते त्याच्या निम्मंही बोलले नाहीत.) दांडी पडली तरी हरकत नाही. तिसरा नंबर तुमचा नक्की. दुसराही तुम्ही पळवाल, याचीच मला धास्ती आहे.

ता. क. दुसरा : तुमच्यासाठी एक विजार शिवून ठेवली आहे. माप अंदाजाने घेतलं आहे. लेक म्हणते तुम्ही वाळलात. मी ऐकलं नाही, कमरेला पूर्वीइतकंच कापड ठेवलं आहे.

ता. क. शेवटचा : यायचं नसेल तर येऊ नका. पण "नाही" हे फोनवर सांगा. तुमचा आवाज ऐकून फार दिवस झाले.