एकदाच विचारणारं घर

३ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि. खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर मी अर्धपोटी आहे. ज्यांच्याकडे राहते ते काका खुर्च्या बनवतात, कारखाना घराला लागूनच आहे. काकू दातांच्या दवाखान्यात काम करतात. जेवताना त्या एकदा विचारतात, अजून हवं का म्हणून. मी नको म्हणते. की भांड्यावर झाकण आणि भांडं फ्रिजमध्ये! दुसऱ्यांदा विचारणं या घराला ठाऊकच नाही.

परवा काका लाकडाच्या वखारीत निघाले होते. येतेस का, म्हणाले. मी म्हटलं, कशाला उगीच तुम्हाला त्रास. त्यांनी मान हलवली आणि गाडी काढून गेले. मी बूट घालून दारात उभी. या परक्या मुलखात, असल्या कोरड्या माणसांत वर्ष काढायचंय. तू म्हणशील, सांगितलं होतं मी. म्हण.

बाबांना नमस्कार. रागातून काही उरला तर लोभ असू दे.
तुझी तोफ

१८ सप्टेंबर

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद. सांगितलं होतं मी. शाळा संपली की लोकांच्या मुली सरळ कॉलेजात जातात. आमच्या बाईसाहेबांना वर्षभर जग बघायचं होतं. हौसेनं गेलीस, आता भोग.

आणि त्या लोकांना रीत नसली तरी तू आपली सोडू नकोस. परक्याच्या घरी पहिल्या विचारण्याला हावऱ्यासारखं हो म्हणायचं नसतं, हे तुला चालायला लागल्यापासून शिकवलंय. फार्मसीची जागा कॉलेजनं पुढच्या जूनपर्यंतच राखलीय, तेवढं डोक्यात ठेव. बाबा काही म्हणत नाहीत, ते कधीच काही म्हणत नाहीत.

माया आहे, पण तुझ्या वागण्यानं ती वाढत नाही हेही कळू दे.
तुझी आई

२० मार्च

ती. आईस,
नमस्कार. साष्टांग घालायची आज इच्छा नाही.

काकांच्या कारखान्यात झाडलोट करता करता मी काम शिकले, आणि गेल्या महिन्यात एक खुर्ची पूर्ण केली. रंधा माझा, पटाशी माझी, चारही पाय माझे. काकांनी ती फरशीवर ठेवून हलवून पाहिली. हलली नाही. मी तिच्यावर बसले आणि मला उठावंसंच वाटेना. आई, लाकूड कुठून फाटणार ते मला आता हात लावल्यावर कळतं. फार्मसी मला नकोय, कधीच नको होती.

काका दर दोन वर्षांनी एकालाच शिकायला ठेवतात. गुरुवारी त्यांनी मला विचारलं, राहशील का. मला ओरडून हो म्हणायचं होतं आणि तोंडातून निघालं, छे, मला कुठे एवढं जमणार, राहू दे. ते ठीक आहे म्हणाले आणि हात पुसून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेकरीवाल्याच्या भाचीला विचारलं. तिनं त्यांचं बोलणं संपायच्या आत हो म्हटलं.

तो नकार माझा नव्हता, तुझा होता. तूच माझ्या तोंडात बसवलास. जूनमध्ये येते. हो खूश.

लोभाचं काय ते तूच बघ.
तोफ

५ एप्रिल

चि. तोफेस,
आशीर्वाद, कारण ते काही मागे घेता येत नाहीत.

खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. माझ्याशी भांडताना तुला शब्द कमी पडत नाहीत. घरात तोफ आणि बाहेर मूग गिळून, हे मी शिकवलेलं नाही. आणि हो, झाले मी खूश, खोटं कशाला बोलू. तुझी गादी उन्हात टाकली, शेजारणीला सांगितलं.

मग बाबांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. तुझ्या खुर्चीच्या ओळींपाशी आले, थांबले, तेवढंच पुन्हा वाचलं. म्हणाले, इतक्या वर्षांच्या शाळेत हिनं एकाही विषयाबद्दल असं लिहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. अजून आहे.

आता ऐक. त्या माणसासमोर उभी राहा आणि मला हे हवंय असं सांग. आडवळणं नकोत. नाही म्हणाले तर घरी ये. पण न विचारताच आलीस तर जन्मभर माझ्या कानाशी कुरकुरशील, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

मायेचा हिशेब नंतर करू.
आई

१९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि. विचारलं. आडवळणं न घेता विचारलं.

काकूही तिथेच होत्या. त्यांनी कप आपटला. म्हणाल्या, इतके महिने आम्हाला वाटतंय की तुला आमचा तिटकारा आहे. जेवण नको, फिरायला नको, माझ्या वाढदिवसाला बाहेर यायलाही नको. आमच्यात काय कमी होतं ते तरी सांगायचंस. दार आपटून गेल्या. त्या वाढदिवसाला मला जायचं होतं गं. अजून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

काका म्हणाले, बेकरीवाल्याच्या भाचीला दिलेला शब्द मोडणार नाही. पण कारखान्यात कामाच्या आणखी एका बाकापुरती जागा आहे, तो तू स्वतः बनवलास तर राहा. जूनपासून दोन वर्षं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं, तुला न विचारता. कॉलेजला काय कळवायचं ते सांग. रागावशील, माहीत आहे.

असेल तेवढा लोभ राहू दे.
तुझी तोफ

६ मे

चि. तोफेस,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागावलेच आहे. दोन वर्षं म्हणजे काय खेळ आहे?

कॉलेजात मीच जाऊन आले. बाबा येतो म्हणाले, त्यांना घरी बसवलं. तिथले क्लार्क भले होते. म्हणाले, पोरांचं मन फिरतं, सोडल्याची नोंद करत नाही, जूनअखेरपर्यंत जागा तशीच ठेवतो, कुणाला कळणार नाही. मला मोह झाला. पण एक पाय इकडे ठेवलास तर तिकडे धड उभी राहायची नाहीस. जागा सोडली म्हणून सही केली आणि आले. येताना भाजी घेतली, स्वयंपाक केला, बाबांना वाढलं आणि मग मोरीत जाऊन रडले.

तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. काकूंची माफी माग आणि बाक नीट कर.

तुझी आई