दसऱ्याला खवळलेल्या पेशी

दि. १२ जून २००७

श्री. कृष्णातदादा यांस,

प्रसेनजीतचा जयभीम, आणि तुमच्या पद्धतीनं रामरामही. तुमचा गुडघा, तानावहिनींची साखर आणि म्हशींचं दूध ही तिन्ही प्रमाणात असतील अशी आशा करतो. (डॉक्टर आहे, सवय जात नाही.) आठ वर्षांत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल शिव्या द्यायच्या असतील तर पत्र पुरं वाचून द्या, म्हणजे एकदमच देता येतील.

शाहूपुरीतली, टायरच्या दुकानावरची आपली दोन खोल्यांची प्रयोगशाळा फार आठवते. चांगली चालणारी डॉक्टरकी सोडून मी रक्तातल्या पांढऱ्या पेशींमागं लागलो, तेव्हा शिरोळला आमची आई भेटेल त्याला सांगायची, की पोराला पुण्यात शिकताना काहीतरी झालंय. जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे काय, हे मला अर्धा तास फळा भरूनही पाहुण्यांना समजावता यायचं नाही. तुम्ही झाडू मारता मारता सांगायचात, "पावणं, ह्या पेशी म्हंजी तालमीतली पोरं. परका दिसला की आधी हाणत्यात, नाव मागनं इचारत्यात." त्याच वाक्यावर मला पहिलं अनुदान मिळालं. (अर्जात ते मी माझं म्हणून घातलं होतं.)

माझं औषध त्या पोरांना चेतवतं, हे मला सिद्ध करायचं होतं. सहा महिने पेशी ढिम्म. नव्याण्णवच्या दसऱ्याला तुम्ही यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू लावलंत, झेंडू वाहिलात. मी कुरकुरलो तर म्हणालात, "यंत्रं बी राबत्यात की. येक दिस तेंचा नगं व्हय?" आणि त्याच आठवड्यात पेशी अशा खवळल्या की मी पेढे वाटले, निबंध छापला आणि पुण्याच्या परिषदेत छाती काढून बोललो. तिथं एका वयस्कर बाईंनी एवढंच विचारलं, की पाणी तपासलं होतंत का? नव्हतं. पाण्यात मेलेल्या जंतूंचा चुरा असला तरी पेशी खवळतात, औषध लागतच नाही. भर सभेत माझा पोपट झाला. परत येऊन पाहतो तर पेशींच्या उबदार कपाटात झेंडूची पाकळी. जंतू त्या फुलातूनच पाण्यात गेले असं धरून चार लोकांसमोर तुम्हाला नको ते बोललो, कामावरून काढलं. तुम्ही "बरं हाय, डॉक्टर" म्हणालात, किल्ली टेबलावर ठेवलीत आणि गारगोटीची एसटी धरलीत. तुमच्यानंतर आलेले पदवीधर हुशार होते, पण त्यांच्याबरोबर काम करताना मजा म्हणून यायची नाही.

पुढं मी औषधाचा नाद सोडला आणि पाण्यातला तो चुरा पकडणारी चाचणी तयार केली. आता सलाइनचे कारखानेही ती घेतात. त्या चाचणीवर काढलेली कंपनी बरी चालली आहे. तानावहिनींना नमस्कार.

आपला,
प्रसेनजीत

ता. क. कंपनी नव्या जागेत हलवताना जुनी नोंदवही सापडली. पेशी पहिल्यांदा खवळल्या त्या दसऱ्याच्या चार दिवस आधी. अक्षर माझं. त्या दिवशी शुद्ध पाणी संपलं, म्हणून मीच खालच्या दुकानातून बॅटरीत घालायचं पाणी आणून वापरलं होतं. तुमच्या झेंडूनं काही केलं नव्हतं, दादा. चूक माझी, आणि मी आठ वर्षं ती तुमच्या नावावर सांगत फिरलो. लाज वाटते.

आणखी एक. तो निबंध मागं घेतोय. खरं कारण, आणि तुमचा दोष नव्हता हे, तुमच्या नावासह छापायचंय, त्यासाठी सोबतच्या कागदावर तुमची सही लागेल.

आणि शेवटचं. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. तुम्ही डेअरीत दूध घालायला गेलात तेव्हापासून तुमच्याच घराच्या पुढच्या सोप्यात बसून लिहितोय, तोंडावर बोलायचं धाडस होईना. वहिनींनी ताट वाढलंय. सही राहू द्या, पण एकदा 'जेवा' म्हणा.