आईचा नाताळचा ब्लाउज

दहिसर, रविवार, संध्याकाळ

चर्चच्या दारातच पाळकांशी भांडून आले. आज उपदेशात म्हणे, देव सर्वज्ञ, पण येशू माणूस झाला म्हणून जगाचा शेवटचा दिवस त्यालाही ठाऊक नव्हता. मी विचारलंच, "त्याला ठाऊक नव्हतं, मग माझी आई नाताळला क्वायरमध्ये गाणार असं तिला सांगितलंत, ते तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

"ताई, तो विश्वास होता."

विश्वास? त्यांच्या शब्दावर आईने हॉस्पिटलात पडल्यापडल्या नवा ब्लाउज शिवायला टाकला. लाल. नाताळाआधीच गेली, त्यातच तिला पुरलं. लबाड माणूस.

आणि मी? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पंधरा दिवससुद्धा नाहीत. मला ठाऊक होतं. तरी त्या लाल ब्लाउजचं माप टेलरकडे मीच नेऊन दिलं.