आधीच्या बाईंची सही

सोमवार, ३

पोचले एकदाची. बस वेळेवर, ऊन कोवळं, दोन्ही बॅगा शाबूत, आणि शेजारच्या सीटवरची बाई सबंध प्रवासात एक शब्दही बोलली नाही. याहून शुभशकुन कोणता हवा?

शाळेने छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला एक शाल, एक घड्याळ आणि क्वार्टर रिकामं करायची नोटीस दिली. तिन्ही मी हसतमुखाने घेतली. लेक याच गावात आहे. महिनाअखेरीला तिचं पहिलं बाळंतपण. त्या वेळी आई, तूच जवळ हवीस, दुसरं कुणी नको, असं तिने फोनवर तीनदा बजावलंय. पण तिच्या दीड खोलीत ती, जावईबापू, विहीणबाई आणि विहीणबाईंचं शिवणयंत्र. मला जागा फक्त भिंतीवर, फोटोत. म्हणून चालत जाता येईल अशी एक खोली घ्यायची, तीन महिन्यांपुरती. तोवर लॉज. उद्या दुपारपर्यंत काम होईल.

बुधवार, ५

झालं नाही. सहा घरं पाहिली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, नोकरी कुठे? निवृत्त म्हटलं की चेहरे असे होतात, जणू मी तुरुंगातून सुटून आले आहे. पगाराचा दाखला हवा. पेन्शनचा चालणार नाही, कारण पेन्शन म्हणे माणसाबरोबर जाते. तीन महिन्यांसाठी तर कुणी दारही धड उघडत नाही. एका घरमालकाने सरळ विचारलं, की आजी, इथे तुमचं काही बरंवाईट झालं तर आम्ही कुणाला कळवायचं? मी म्हटलं, तुमचं आधी झालं तर मी कुणाला कळवू तेही सांगून ठेवा. ती खोली गेली.

शनिवार, ८

एक दलाल भेटला. सारखा दात कोरतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, याचं मात्र चांगलंच सुटलंय.

त्याच्याकडे खोली आहे, सामानासकट, लेकीच्या घरापासून दहा मिनिटांवर. आधीच्या बाई अचानक गेल्या आणि त्यांच्या कराराचे तीन महिने शिल्लक आहेत. मालक परगावी. खाली एक देखरेखीची बाई बसते. दर सोमवारी प्रत्येक भाडेकरूने तिच्या रजिस्टरात सही करायची, एवढाच नियम. नवा करार करायचा तर पगाराचा दाखला आलाच. त्यापेक्षा तुम्ही आधीच्या बाईंच्या नावाने सही करा, मावशी, कोण बघतंय?

मी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला. प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकणारी शेकडो कार्टी मी पकडली आहेत, नुसत्या वेलांटीवरून. या वयात मी तेच करू? तो शांतपणे म्हणाला, मग बघा मावशी दुसरीकडे.

लॉजवाल्याने उद्या खोली सोडायला सांगितली आहे. काल पाहून आले, लेकीचे पाय सुजलेत. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

सोमवार, १०

खोली खरंच चांगली. लोखंडी पलंग, टेबल, खिडकीतून धुण्याच्या दोऱ्या दिसतात. दारामागे आधीच्या बाईंची करडी शाल, ड्रॉवरमध्ये त्यांचा चष्मा. इतक्या घाईने गेल्या की चष्माही विसरल्या?

सकाळी सही केली. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पण करायचीच तर गबाळी कशाला? मी जन्माची डावखुरी. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने डाव्या हाताच्या बोटांवर लाकडी पट्टी हाणून हाणून वर्षभरात मला उजवी केली आणि मग कित्ता गिरवून घेतला. मूळ अक्षर कुठलं आणि तुझं कुठलं ते कागदालाही कळता कामा नये, असं म्हणायची. आज ती असती तर पाठ थोपटली असती. देखरेखीच्या बाईने मान वर न करताच विचारलं, आज उशीर केलात? नाटक छान करते.

गुरुवार, १३

समोरच्या खोलीतले आजोबा छत्री परत द्यायला आले. गेल्या महिन्यात तुम्हीच दिली होतीत म्हणाले. मी म्हटलं, गेल्या महिन्यात मी या गावातही नव्हते. ते हसले, तुमचं आपलं नेहमीचं, बाई, म्हणाले. छत्री ठेवून घेतली.

माझ्या चष्म्याने अंधुक दिसायला लागलंय. ड्रॉवरमधला लावून पाहिला. बरोबर बसला.

सोमवार, १७

दुसरी सही पहिल्यापेक्षा सफाईदार आली. देखरेखीची बाई फोनवर बोलत होती, म्हणून मागची पानं चाळली. जुनी खोड, वह्या दिसल्या की तपासायच्या.

पानोपानी तेच नाव. पण हात एक नाही. मला फसवता येत नाही. गेल्या वर्षीच्या सुरुवातीला दोन आठवडे अक्षर चाचरतं, मग सफाईदार होतं. त्याच्या अडीच वर्षं आधी पुन्हा चाचरतं, वेगळ्या तऱ्हेने, पुन्हा सुधारतं. त्याआधी आणखी तीनदा असंच. पाच बायका. पाचही जणी दुसरीची सही गिरवणाऱ्या. आणि तिसऱ्या आठवड्यानंतर पाचही जणींचं अक्षर एकच.

तडक दलालाकडे गेले. आधीच्या बाई कुठे गेल्या, विचारलं. दातातली काडी काढून तो म्हणाला, कोण आधीच्या? तुम्ही तर किती वर्षं तिथेच आहात, बाई.

परवापरवा मावशी म्हणत होता मेला.

बुधवार, १९

लेकीकडे गेले. खोली सोडते, शिवणयंत्राखाली झोपते, असं सांगायला.

दार तिनेच उघडलं. पोटावर हात, चेहरा उतरलेला. माझ्याकडे पाहिलं, आणि कोण हवंय विचारलं. मी म्हटलं, अगं सोन्या, मी. तिने नीट पाहिलं. खोटं पाहणं नव्हतं ते, मला तिची सगळी नाटकं पाठ आहेत. म्हणाली, तुम्ही आईच्या ओळखीच्या का? आई अजून आली नाही हो. फोनही करत नाही. आतून विहीणबाई ओरडल्या, कोण आहे गं? तिने सांगितलं, कुणी नाही, आईच्या वयाच्या एक बाई आहेत, पत्ता चुकल्यात.

पाणी विचारलं तिने मला. गुणाची पोर. परक्या माणसाला पाणी विचारावं, हे मीच शिकवलेलं.

शुक्रवार, २१

पेन्शनच्या कार्यालयात गेले. माझं नाव सांगितलं, फॉर्म भरला, सही केली. कारकून म्हणाला, सही जुळत नाही, आणि नावही दुसरंच आहे.

पाहिलं. तेच नाव. माझ्याच हाताने. परत केली. तेच.

ही वही चाळून पाहिली. तीन तारखेचं अक्षर माझं. आजचं माझं नाही.

सोमवार, २४

सही करायला गेले नाही. जाणार नाही. बॅगा भरल्या. बसच्या तिकिटाला ओळखपत्र लागत नाही, पण जाऊ कुठे? पोर इथे आहे.

दुपारी देखरेखीची बाई रजिस्टर घेऊन वर आली. मी म्हटलं, करणार नाही. ती म्हणाली, कशाला त्रास, झालीये की.

आजच्या तारखेपुढे. शाई ओली होती. माझ्या बोटाला —

मंगळवार, २५

लेकीला दवाखान्यात नेलं. समोरचे आजोबा सांगत होते, कुणाचीतरी बातमी सांगावी तसं. आई वेळेवर आलीच नाही बिचारीची —

करडी शाल अंगावर आहे. मी कधी घेतली?

बुधवार, २६

दवाखाना. बाकावर बसून लिहिते आहे. भेटायची वेळ चार ते पाच. साडेचार झाले.

मुलगी झाली. नर्स म्हणाली, दोघी बऱ्या आहेत. बाळंतीण सारखी आईची वाट बघतेय, कुणीही आलं की दाराकडे बघते. आजीचंच नाव ठेवणार म्हणे मुलीचं.

माझं नाव.

आत जायचं तर वहीत सही करा, म्हणाली. केली. तिने यादीशी ताडून पाहिली. म्हणाली, यादीत फक्त एकच नाव आहे, बाळंतिणीच्या आईचं. हे नाव नाही. माफ करा, आजी.

काचेतून पलंगाची कड दिसते. तिचा पाय दिसतो. सूज उतरली आहे.

उजवा हात गेला. सिस्टरने घडवला, त्या सहीने घेतला. पण डावा — डाव्याला कुणी कित्ता दिलाच नाही. सहा वर्षांची असताना पाटीवर पहिल्यांदा माझं नाव काढलं ते त्याने. वाकडं, उलटं, मार खाल्लेलं. माझं.

नर्सला म्हटलं, चुकून दुसरं लिहिलं, परत करू द्या. ती म्हणाली, एकदाच हं. खाडाखोड चालणार नाही.

आधी इथे, माझ्या वहीत करून बघते. डाव्या हाताने —

पावणेपाच. पहिलं अक्षर आलं. वेडंवाकडं, पण माझं. माझंच. थांब गं पोरी, आले —

दुसरं अक्षर

दुसरं किती सुबक आलं, अगदी