पाट्या रंगवणाऱ्याचं मीठ

दि. ४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सगळं मजेत आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्यापुढे थापा टिकत नाहीत. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं, तर तुझ्या भावजयीनं अख्ख्या घराचं मीठ बंद केलं. बाबांना एकटं वाटू नये म्हणे. भाजी चावताना आपण गुरांपेक्षा वेगळे कसे, असा प्रश्न पडतो.

खरी काळजी वेगळीच आहे. हल्ली हात थरथरतोय. औषधाच्या दुकानाची मोठी पाटी रंगवायला घेतलीय आणि अक्षरांच्या कडा लाटांसारख्या येताहेत. मन ताळ्यावर ठेवणारी ती लिथियमची गोळी घेतो ना, तिचाच हा प्रताप. सोडून द्यावी म्हणतो. हातच गेला तर माझ्याकडे उरलं काय?

मायेत कपात नसावी.

तुझा, ढब्बू

दि. ७ मार्च

चि. ढब्बूस, भरपूर आशीर्वाद आणि एक धपाटा.

स्वतःच्या मनानं गोळी सोडशील तर खबरदार. गोळीआधीचे तुझे दिवस मी अजून विसरलेले नाही.

शेजारच्या आहारतज्ज्ञ बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मीठ एकदम तोडलं की लिथियम अंगाबाहेर पडायचं कमी होतं आणि रक्तात साठतं, म्हणाल्या. पत्र मिळताच ब्रश खाली ठेव, डॉक्टरांना गाठ आणि रक्त तपासून घे. पाणी नेहमीइतकं पी. त्यांना विचारल्याशिवाय मीठ कमी करायचं नाही आणि वाढवायचंही नाही.

भावजयीला रागावू नकोस. तिनं प्रेमानंच केलं.

तुझी, ताई

दि. २३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाईंचं खरं निघालं. लिथियम वाढलंच होतं. डॉक्टरांनी गोळी थोडे दिवस थांबवली, परत रक्त तपासलं आणि मग सुरू केली. माझं मीठ पहिल्यासारखं झालंय. ही आधी रडली, मग हसत सुटली. आता चुलीवर दोन पातेली असतात आणि बाबा रुसलेत, कारण अळणी खायला ते एकटेच उरले.

काल पाटीचं शेवटचं अक्षर एका दमात ओढलं. कड अशी सरळ आली की मला शिडीवरच रडू फुटलं. खालून बाबा ओरडले, वाकडं आलंय म्हणून. मुळीच वाकडं नव्हतं. खाली उतरलो तर त्यांनी माझा रंगानं माखलेला हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

तुझ्या धाकात सुखी,
ढब्बू