अठरा फेका

१३ जानेवारी, सोमवार

यादी लागली. माझं नाव नाही.

फेब्रुवारीच्या ज्युदो ब्लॅक बेल्ट परीक्षेला क्लबमधून एकच नाव जाणार — यज्ञेशचं. तो माझ्यानंतर दोन वर्षांनी ब्राऊन बेल्ट झाला. नंदकिशोर सरांना विचारलं. त्यांनी आधी शिट्टी वाजवून मुलांना धावायला लावलं, मग म्हणाले, तुझं जूनला बघू. कारण? कारण काही नाही. यज्ञेशच्या वडिलांनी दिवाळीत क्लबला नव्या मॅट दिल्या. हे सरांना तोंडावर बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

पण खरा राग त्यांच्या पुढच्या वाक्याचा आहे. "आणि त्याच्याबरोबर कातामध्ये तूच उभी राहा. तुझ्याइतकं छान कोणी पडत नाही."

१४ जानेवारी

सकाळीही राग तेवढाच.

काता म्हणजे ठरलेल्या फेका ठरलेल्या क्रमाने करून दाखवणं. त्यात दोघं असतात. ज्याची परीक्षा तो तोरी. तो फेकतो. दुसरा उके. तो पडतो. नऊ फेका, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून, म्हणजे अठरा. गुण तोरीला, पाठदुखी उकेला. चार वर्षांत मी चौघांची उके झाले. चौघंही आज काळा पट्टा बांधून फिरतात. मितेशने तर पेढेसुद्धा दिले नाहीत.

डबा भरताना आई म्हणाली, "पडायचे एवढे पैसे घेतात? आपल्या बाथरूममध्ये फुकट आहे." तेव्हा हसले नाही. आता येतंय हसू.

१७ जानेवारी, शुक्रवार

यज्ञेशबरोबर पहिला सराव. पहिलीच फेक उकी-ओतोशी. तोरीने मागे सरकत एका गुडघ्यावर बसायचं आणि त्याच क्षणी उकेचा हात खाली खेचून त्याला पुढे उलटं पाडायचं. कमरेचा आधार नाही, पायाचा नाही. फक्त वेळ आणि खेच.

यज्ञेश उशिरा बसतो. तोपर्यंत माझा तोल परत जागेवर आलेला असतो. मग मी काय करते? स्वतःच उडी मारते, हवेत उलटते, पाठीवर पडते. मॅट फाडकन वाजते. सर म्हणतात, "झकास, यज्ञेश!"

ती त्याची फेक नाही. माझी उडी आहे.

अंधेरीच्या लॅबमध्ये मी प्रेशर गेज तपासते. काटा शून्यावर येत नसेल तर तो बोटाने शून्यावर ढकलून मी प्रमाणपत्रावर सही करत नाही. क्लबमध्ये चार वर्षं नेमकं तेच करतेय. चौघांच्या पट्ट्यांवर माझ्या बोटाचे ठसे आहेत.

२३ जानेवारी

यज्ञेश नेहमी अर्धा तास उशिरा येतो. तो अर्धा तास माझा. मी तोरी, दिपाली उके. दिपाली गोराईची. आईबरोबर सकाळच्या बोटीने येते. आई बोरीवलीच्या बाजारात मासे घेऊन बसते, ही कॉलेज करून संध्याकाळी इथे. वर्षभर माझ्यासाठी पडतेय.

तिच्याबरोबर अठराही फेका स्वच्छ जातात. आज व्हिडिओ काढला आणि घरी येऊन एकेक फ्रेम थांबवून पाहिला. माझा गुडघा, पाठ, हाताचा कोन — चूक सापडत नाही. म्हणजे जूनपर्यंत थांबवण्याचं काही कारणच नव्हतं. राग पुन्हा नव्याने आला.

तिला म्हटलं, छान पडतेस गं. म्हणाली, "तुझ्याकडूनच शिकले ना, ताई."

४ फेब्रुवारी

डावा खांदा काळानिळा झालाय. यज्ञेशने विचारलं, बरी आहेस ना? मी हो म्हटलं. कशाला म्हटलं!

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या परीक्षा. सराव संपल्यावर यज्ञेशला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं, उद्या मी उडी मारणार नाही. तू पाडलंस तर पडेन. नाही पाडलंस तर उभी राहीन.

तो पट्टा सोडत होता. "चालेल ना, कल्पू," म्हणाला, आणि बाटलीतलं पाणी पिऊन गेला.

सांगितलंय. पुढचं त्याचं.

९ फेब्रुवारी, रविवार

घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये होती परीक्षा. तीन परीक्षक. मधल्या चंपा मॅडम, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, चेहऱ्यावर काहीच नाही.

पहिली फेक. यज्ञेश मागे सरकला, बसला, खेचलं. मी एक पाऊल पुढे आले आणि उभी राहिले. तो एका गुडघ्यावर, माझी बाही धरून, वर बघत. त्याला वाटलं मी विसरले. डावीकडून केलं. परत तसंच. मागे बसलेल्या मुलांपैकी कोणीतरी हसलं. सर खुर्चीतून अर्धे उठले होते.

नंतरची सेओइ-नागे त्याने खरी मारली. खांद्यावरून गेले आणि पडले, दोन्ही बाजूंनी. अठरापैकी दहा वेळा पडले, कारण दहा वेळा त्याने पाडलं. आठ वेळा उभी राहिले. मोजलेत.

संपल्यावर चंपा मॅडमनी त्याला नाही, मला विचारलं, "का नाही पडलीस?"

"त्याने पाडलं नाही, मॅडम."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. यज्ञेश नापास.

१० फेब्रुवारी

सरांनी सगळ्या मुलांसमोर फैलावर घेतलं मला. उकेचं काम साथ द्यायचं असतं म्हणे. क्लबची लाज काढलीस, स्वतःला काय समजतेस, घरात काही शिकवलंय की नाही. घर कुठून आलं यात? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "जूनचा फॉर्म माझ्या सहीने जातो, हे लक्षात ठेव."

म्हणजे खोटं पडले असते तर गुणी. खरी उभी राहिले तर उद्धट. आणि शिक्षा काय, तर माझा पट्टा. तीन वर्षं ब्राऊन घालून बसलेय, अजून किती बसायचं?

वाकून नमस्कार केला, कारण मॅटवरून उतरताना करायचा असतो.

१२ फेब्रुवारी

स्टेशनबाहेर यज्ञेश भेटला. वाटलं आता भांडेल. त्याने वडापाव घेतला, मला पण दिला. म्हणाला, मला वाटलं तू मस्करी करतेस. मग म्हणाला, "पण तू इतके दिवस स्वतःच उडतेस, हे मला आधी का नाही सांगितलंस यार? मी घरी सगळ्यांना करून दाखवत होतो."

खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. पण मला दया नाही आली, संताप आला. सांगावं कशाला लागतं? माणसाला पाडल्यावर त्याचं वजन आपल्या हातात येतं. नाही आलं तर हाताला कळायला हवं. ज्याच्या हाताला एवढं कळत नाही, त्याने पट्टा मागूच नये.

हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे. त्याचाही राग आला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा समितीचं पत्र आलं. सरांनी फळ्यावर लावलं, स्वतः वाचून दाखवलं नाही. जूनपासून उमेदवाराने आपला उके आणायचा नाही. समिती देईल, दुसऱ्या क्लबचा, आणि त्याला सूचना असेल — मदत करायची नाही. खाली चंपा मॅडमची सही.

तीनदा वाचलं. मी म्हणत होते तेच! चार वर्षांनी कोणीतरी उकेकडे बघितलं.

सरांनी बोलावलं. वाटलं आता फॉर्म अडवणार. पण फॉर्म टेबलावर तयार होता, सही केलेला. म्हणाले, "जा, दे परीक्षा. तुझ्यासारख्या मुलीला काय अवघड?" असं बोलायची गरज नव्हती. घेतला आणि बाहेर आले.

मला कोणाच्या मेहरबानीची गरज नाही. कोणताही उके द्या.

२५ फेब्रुवारी

दिपालीला म्हटलं, आजपासून तूही उडी मारायची नाहीस. ती म्हणाली, "नक्की ना, ताई?" मी म्हटलं, नक्की.

अठरा फेका. अकरा वेळा ती उभी होती.

शेवटच्या फेकीनंतर माझी बाही सोडली नाही तिने. म्हणाली, "मला वाटलं, तुला माहीत आहे."