सारजाला सांगायचं राहिलंय

अंथुर्णे
मंगळवार, ९ डिसेंबर १९९७

दोस्त रावजीस सोनबाचा रामराम.

जळोचीत समदी बरी असशीला. हितं थंडी पडलीया, ज्वारी पोटऱ्यात आलीया. शेळीनं दोन करडं दिली. सारजा बरी हाय. मी बी बरा हाय.

तू दवाखान्यात येऊन गेलास त्याला वरीस झालं. गाठ काढताना माज्या नरड्याला पाडलेलं भोक बघितलंस आन पाणी आणतो म्हणून भाईर गेलास, तो गेलासच. राग न्हाय. मी बी आरशात पयल्यांदा बघितलं तवा तोंड फिरवलं हुतं.

आवाज गेल्याची सवय झाली. वास गेल्याची होत न्हाय. श्वास त्या भोकातनं चालतो, नाकातनं जातच न्हाय, मग वास कुठनं यायचा? मेंढरं शेजारनं गेली तर नुसती धूळ दिसती. लोकं माज्याशी बहिऱ्याशी बोलल्यावाणी वराडत्यात. मी पाटीवर लिवलं की मान हलवून जात्यात. सारजाला तर वाचताच येत न्हाय. ओठ हलवले तर पाणी, भाकरी एवढं तिला कळतं. आधी ती एकटीच बोलायची. उत्तर येत न्हाय म्हणून हळूहळू बोलणं कमी झालं. आता शेळीशी बोलती. घरात तिसरं माणूस न्हाय.

बारामतीला एक बाई दर बेस्तरवारी कॅन्सरच्या लोकांना ध्यानाला बसवत्यात. पुण्याच्या डॉक्टरनी धाडलं म्हणून गेलो. वाटलं, भजन-बिजन आसंल. तसलं कायबी न्हाय. डोळं मिटायचं आन श्वास बघायचा. बाईंनी आधीच सांगितलं की ह्यानं गाठ जात न्हाय, पण गाठीची भीती आली तर पळायला लागत न्हाय. मग म्हणाल्या, नाकाच्या शेंड्यावर ध्यान ठेवा. मी हात वर केला आन गळ्यावरचं फडकं उचललं. बाई माज्या म्होरं येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमचा श्वास जिथं लागतो, तिथं बघा."

तितं गार लागतं, रावजी. जाताना गार, येताना ऊन. शेजारी लासुर्ण्याची प्रयागबाई बसती, तिच्या उरात गाठ हाय. ती म्हणाली, तुमच्या श्वासाचा आवाज येतो, त्याच्यासंगं मला बसाया सोपं जातं. वरसात माजा आवाज कुणाच्या कामी आला आसंल तर तेवढाच.

जळोची तितनं जवळ. तरी तुज्या दाराला आलो न्हाय. तुला परत पाणी आणाया जायला लागू नये म्हणून.

आता जे लिवायचं ते लिवतो. मागल्या हप्त्यात पुण्याला तपासाया गेलो. मानंत नवी गाठ हाय. सारजा च्या आणाया खाली गेली हुती. डॉक्टर म्हणाले, आता कापून उपेग न्हाय, दुखणं कमी ठेवू. बायकोला सांगू का म्हणून इचारलं. मी हातानं नको म्हणलं. ती आली आन म्हणाली, "बरं हाय ना समदं?" मी मान हलवली.

यष्टीत ती लई दिसांनी बोलली. चैतात जेजुरीला जाऊ म्हणाली. मी श्वास बघत बसलो. भीती आली, छातीवर बसली, बसू दिली. तेवढं जमलं. तिला सांगायचं जमलं न्हाय.

मरणाची खूण हातानं कशी करायची? शाळंतल्या पोरानं पाटी वाचून तिला सांगावं, हे मनाला पटत न्हाय. असलं ओळखीच्या आवाजात कळावं. लग्नाआधी सारजाला बघाया गेलो तवा मी गप बसलो हुतो, समदं तूच बोलला हुतास.

तर ऐतवारी ये. तिला बसव आन सावकाश सांग. गाठ परत आलीया म्हण, आन सोनबाला हे आधीपासनं ठावं हुतं हे बी सांग. ती माज्यावर चिडंल. चिडू दे. रडली तर मधी बोलू नको. मी तिच्या शेजारीच आसंन, उठणार न्हाय.

तू बी उठू नको, रावजी.

तुजी वाट बघणारा,
सोनबा